संघनायक (स्काऊट)

संघनायक म्हणजे स्काऊट पथकातील सहा ते आठ मुलांच्या तुकडीचा, त्या मुलांनीच आपल्यातून निवडलेला म्होरक्या. या तुकडीला संघ म्हणतात. असे चार संघ मिळून जास्तीत जास्त 32 मुलांचे पथक होते. गाईडच्या कंपनीत, म्हणजे मुलींच्या पथकात, हेच काम संघनायिका करते. मुलांच्या संघांना बहुधा प्राण्या-पक्ष्यांची नावे असतात, मुलींच्या संघांना फुलांची. डाव्या खिशावरच्या दोन उभ्या पट्ट्या ही संघनायकाची खूण. उपसंघनायकाला एकच पट्टी.

स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, तेव्हाच मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाची जबाबदारी एका मोठ्या मुलाकडे सोपवली होती. भारतात ही चळवळ 1909 मध्ये आली. वेगवेगळ्या संघटना एकत्र होऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत पथके मुख्यतः शाळांतून चालतात. भुसावळची गोष्ट थोडी निराळी, कारण संस्थेच्या रचनेत रेल्वेच्या प्रत्येक झोनला स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे आणि तिथली रेल्वेची पथके त्या घडीत बसतात.

निवड मुलांची, नेमणूक स्काऊटमास्तरांची, असा रिवाज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा वर्गाच्या मॉनिटरच्याच खिशावर पट्ट्या चढतात. सरांना ते सोयीचे जाते, पण संघ मनापासून त्याचे ऐकत नाही. शाळेत मागच्या बाकावर बसणारा पण चूल चटकन पेटवणारा मुलगा शिबिरात आपोआप नायक होतो, मग पट्ट्या कोणाच्याही खिशावर असोत.

रोजची कामे साधी असतात : हजेरी घेणे, वर्गणी गोळा करणे, गणवेश तपासणे, संघाचा कोपरा (संघाची बसायची ठरलेली जागा) नि ध्वज नीट ठेवणे, नोंदवही लिहून घेणे. प्रथम सोपानाच्या, म्हणजे स्काऊट शिक्षणाच्या पहिल्या पायरीच्या, चाचणीआधी धाकट्यांकडून रीफ नॉट आणि क्लोव हिच या दोरीच्या गाठी घोटून घेण्याचे काम सरांपेक्षा संघनायकच अधिक करतो. खानदेशात त्याला तीन भाषांतून वावरावे लागते. मैदानावरच्या आज्ञा हिंदीत, नोंदवही प्रमाण मराठीत आणि कोपऱ्यात बसले की अहिराणी. ‘सावधान’ म्हटल्यावर न हलणारा पोरगा ‘आठे ये रे भो’ (इकडे ये रे भाऊ) म्हटले की लगेच येतो.

त्याची खरी परीक्षा शिबिरात होते. बिनभांड्याच्या स्वयंपाकात इकडच्या मुलांचे वांग्यावाचून चालत नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. या काड्या भुर्रकन जळतात, त्यामुळे एकाने सतत काड्या सारायच्या, दुसऱ्याने वांगी फिरवायची, तिसऱ्याने मिरच्या सांभाळायच्या आणि बाकीच्यांनी पाणी नि सरपण आणायचे. ही वाटणी आदल्या संध्याकाळीच करून ठेवणे हे संघनायकाचे काम. वाटणी चुकली की साल करपते, आत गर कच्चा राहतो आणि सगळा संघ त्याच्याकडे बघत बसतो. सगळे स्वतः करू पाहणारा नायक इथेच फसतो. कोणाला वाढायचे राहिले का ते पाहून त्याने शेवटी जेवायचे, हा बऱ्याच पथकांतला अलिखित नियम. सातपुड्याच्या पायथ्याला पालसारख्या ठिकाणी मुक्काम असेल तर हिवाळ्यातली पहाट बोचरी असते. रात्री कोणाचे पांघरूण अपुरे पडते ते त्याला ठाऊक असावे लागते.

मानसभा, म्हणजेच कोर्ट ऑफ ऑनर, हे त्याचे दुसरे कार्यक्षेत्र. संघनायकांच्या या बैठकीत पथकाचे कार्यक्रम, जमाखर्च नि शिस्तीची प्रकरणे ठरतात. स्काऊटमास्तर सल्लागार म्हणून बसतात. तिथे संघनायकाने स्वतःचे नव्हे, संघाचे म्हणणे मांडायचे असते. त्यासाठी आधी संघाची बैठक घ्यावी लागते आणि ठरलेले परत येऊन सांगावे लागते, आपली मागणी फेटाळली गेली असली तरी. बैठकीतली कोणाच्या चुकीची चर्चा मात्र बाहेर न्यायची नाही. चौदा वर्षांच्या पोराला हे पाळणे भारी जाते.

दहावीच्या अभ्यासामुळे बहुतेक जण पद सोडतात. तेव्हा नोंदवही, ध्वज, वर्गणीचे पैसे आणि दोरखंड मोजून नव्या नायकाच्या ताब्यात द्यायचे असतात. यात दोरखंड हमखास एखादा कमी भरतो.