जोगती नृत्य

जोगती नृत्य हे उत्तर कर्नाटकातलं यल्लम्मा म्हणजे रेणुकामातेच्या भक्तांचं लोकनृत्य. ते करणाऱ्या बऱ्याच जणी तृतीयपंथी असतात, कन्नडमध्ये त्यांना जोगती किंवा जोगप्पा म्हणतात. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हाच देवीपंथ आहे, साडी नेसणारा जोगत्या दारात जोगवा मागायला येतो, आणि कर्नाटकात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर यात्रेला इथून गाड्या भरून लोक जातात, त्यामुळे "उदं गं आई उदं" आपल्याला काही नवीन नाही.

नाचाचं मुख्य अंग म्हणजे डोक्यावरची देवीची घागर. ती हाताने न धरता गिरक्या घ्यायच्या, खाली बसायचं, परत उठायचं, आणि सोबत रेणुकेची कथा गाण्यातून चालू. साथीला चौंडकं असतं, म्हणजे लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला चामडं, त्यातून ओवलेली तार, वादक ते काखेत धरून तार छेडतो. कथेत जमदग्नी मुलांना आईचं डोकं उडवायला सांगतात, परशुराम ऐकतो, बाकीचे नकार देतात आणि बापाच्या शापाने नपुंसक होतात, अशी लोकपरंपरा आहे. आईवर हात न उचलणाऱ्या मुलांशी जोगप्पांचं नातं असं जोडलं जातं. मला ही या परंपरेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण इथे तृतीयपंथी माणूस देवीच्या कथेच्या आतच आहे, त्याला बाहेरून कुणी आणून बसवलेलं नाही.

पण हे सगळं गोड नाही. मुलगा बायकी वागतो म्हणून त्याला देवीला सोडायचं, आणि मग घराने हात झटकायचे, असं पुष्कळदा झालंय. मुलींच्या बाबतीत तर देवदासी प्रथेने आयुष्यं उद्ध्वस्त केली. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायद्याने ती प्रथा बंद केली. त्यामुळे या कलेचं कौतुक करताना तिच्यामागची सक्ती विसरून चालत नाही.

ही कला देवळाच्या आवारातून मोठ्या स्टेजवर नेली त्यात मंजम्मा जोगती यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. बळ्ळारी जिल्ह्यातला जन्म, आधीचं नाव मंजुनाथ. होस्पेटजवळच्या हुलिगेम्मा देवळात दीक्षा झाली आणि घर तुटलं. पुढे भीक मागायची वेळ आली, एकदा तर आयुष्य संपवायचाही प्रयत्न झाला. मग दावणगेरेला एक बापलेक दिसले, बाप गातोय आणि मुलगा डोक्यावर घागर घेऊन नाचतोय, त्यांच्याकडूनच त्या नाच शिकल्या. नंतर काळव्वा जोगती यांच्या संचात आल्या, त्यांच्या पश्चात संच स्वतः सांभाळला, गावोगावी कार्यक्रम केले, नाटकांत भूमिका केल्या. २०१९ मध्ये कर्नाटक जानपद (म्हणजे लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. २०२१ ला पद्मश्री. राष्ट्रपती भवनात पुरस्कार घ्यायच्या आधी त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ देशभर फिरला. दारात आलेल्या जोगतीने आशीर्वाद द्यायचा तसाच त्यांनी तिथे दिला, कुणासाठी म्हणून काही बदललं नाही.

तमिळनाडूत नर्तकी नटराज या तृतीयपंथी नृत्यांगनेने हेच भरतनाट्यममधून केलं, त्यांना पद्मश्री २०१९ मध्ये मिळाली.

समाजात कलेने नेमका काय फरक पडतो, तर नजर बदलते. सिग्नलवर टाळी ऐकली की काच वर करणारा माणूस कार्यक्रमात दोन तास बसून जोगतीचं गाणं ऐकतो, त्यातला गळा आणि मेहनत त्याला दिसते, कधी कधी नंतर जाऊन पायाही पडतो. मात्र देवी अंगात असेपर्यंत पाया पडायचं आणि दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली द्यायला नाही म्हणायचं, हेही तेच लोक करतात, म्हणून मानधन, पेन्शन, घर हे प्रश्न नाचाबरोबरच येतात.

आता ही कला शिकायला बाहेरच्या बायका-पुरुषही येतात, आणि शिकवायला समोर जोगती बसलेली असते, गुरूच्या जागी.