पहिल्याच प्रवासाला निघालेले पक्षी

शरद ऋतूत पक्षी पाहायला लांब जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. जवळचा एखादा तलाव, नदीकाठचा चिखल किंवा झुडपांचं माळरान निवडावं आणि पुन्हा पुन्हा तिथेच जावं. कारण या दिवसांत जागा तीच राहते, पक्षी मात्र बदलत राहतात.

स्थलांतर करणारे बरेचसे छोटे पक्षी रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, बहुतेक शिकारी पक्षी विसावलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा मिळतो. पहाटे ते खाली उतरतात, कधी एक दिवस तर कधी आठवडाभर थांबतात, अंगावर चरबी चढवतात आणि वारा पाठीशी आला की निघतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून गार वारे सुटले की अशा रात्री पुष्कळ पक्षी दक्षिणेकडे सरकतात. वाटेत पावसानं किंवा धुक्यानं गाठलं, तर दिसेल तिथे उतरतात. म्हणून काल ओस पडलेला काठ आज तुतवारांनी, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांनी, गजबजलेला असू शकतो, आणि तो गजबजाट पाहायचा तर काल आणि आज, दोन्ही दिवस तिथे जायला हवं. गरुड-ससाण्यांसारख्या मोठ्या पक्ष्यांचं वेळापत्रक निराळं. त्यांपैकी बरेचजण तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर तरंगत जातात, त्यामुळे ऊन चढल्यावर मान वर करून आकाश न्याहाळावं.

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती या थव्यांमधल्या पिल्लांची. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लंही निघालेली असल्यामुळे शरदातल्या थव्यांत वसंतापेक्षा जास्त पक्षी असतात. चिखलात चरणाऱ्या अनेक जातींमध्ये मोठे, म्हणजे प्रौढ, पक्षी आधी निघून जातात आणि पिल्लं काही आठवड्यांनी, आपली आपण. मग त्यांना वाट दाखवतं कोण?

डच संशोधक पर्डेक यांनी १९५८ साली याचं एक सुंदर उत्तर प्रसिद्ध केलं. नेदरलँड्समध्ये शरदात पकडलेले ११ हजारांच्या वर स्टार्लिंग, म्हणजे आपल्या मैनेच्या कुळातले पक्षी, त्यांनी स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. मोठ्या पक्ष्यांनी दिशा बदलली आणि उत्तर फ्रान्स, इंग्लंड या आपल्या नेहमीच्या मुक्कामांकडे मोर्चा वळवला. पिल्लं मात्र नेदरलँड्सहून निघताना जी दिशा धरली असती तीच धरून उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये पोचली. दिशा जन्मजात होती. आपण कुठे आहोत हे ओळखून वाट सुधारणं अनुभवानं येणार होतं. ही दिशा धरायला पक्षी सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या तिन्हींचा आधार घेतात, हे पुढच्या-मागच्या प्रयोगांत दिसलं आहे.

२०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेलं यंत्र पाठीवर घेऊन अलास्काहून निघालेला गॉडविट हा लांब चोचीचा, चिखलात चरणारा पक्षी ११ दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता, सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. त्याचं वय होतं जेमतेम पाच महिने.

अशी पिल्लं तुमच्या तलावावरही ओळखता येतात. मोठ्यांची पिसं उन्हाळाभराच्या वापरानं झिजलेली, फिकी पडलेली असतात. पिल्लांची कोरी, नीटस, आणि तुतवार-चिखल्यांमध्ये पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते. या काळात विणीचे भडक रंग उतरलेले असतात, गाणंही बहुधा थांबलेलं असतं. तेव्हा पिसांच्या रंगाच्या मागे न लागता पायांचा रंग, चोचीची लांबी आणि खाण्याची तऱ्हा पाहावी. सतत शेपूट वर-खाली हलवणारा तुतवार त्या एका सवयीवरूनच लांबून कळतो.

फोटोसाठी थव्याच्या अंगावर जाऊ नये. काही छोटे पक्षी मोठ्या उड्डाणाआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात, आणि दर वेळी उठवलं की त्या साठ्यातला थोडा खर्च होतो. दुर्बीण घेऊन एका जागी बसलं, तर पक्षी हळूहळू स्वतःच जवळ येतात.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली, तर जरूर टिपून ठेवा. डेन्मार्कचे शिक्षक मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंगच्या पायात क्रमांक कोरलेल्या कड्या घालून ही पद्धत रुजवली. पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं आणि ती डाव्या पायात आहे की उजव्या, एवढं पक्ष्यांना कड्या घालणाऱ्या संस्थेला कळवलं, तर तो पक्षी कुठे आणि कधी पकडला गेला होता, याचं उत्तर अनेकदा मिळतं.