सोलापुरातील व्यक्तिनामे

सोलापूर शहरात आणि जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात माणसांची नावे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषांत घडत आली आहेत. त्यांची मुळे आणखी दूरची आहेत. बहुतेक संस्कृत, बरीचशी अरबी-फारसी, काही पाली, काही अस्सल द्रविड, आणि दोन नावे तर ग्रीक. नावाचा गाभा देवाचा किंवा संताचा आणि शेवट घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचा, ही इथली मुख्य रीत. त्यामुळे एकाच देवाचे नाव शेजारच्या दोन घरांत दोन रूपांनी ऐकू येते. ही रूपे म्हणजे मूळ शुद्ध नावाचे अपभ्रंश, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. मल्लप्पा हे मल्लिकार्जुनाचे बिघडलेले रूप नसून कन्नडने आपल्या नियमांनी घडवलेले स्वतंत्र नाव आहे.

या सरमिसळीला कारणे आहेत. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांचे गाव सोन्नलिगे म्हणजेच आजचे सोलापूर. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत आजही कानडी बोलली जाते. 1877 साली शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या आणि हातमाग वाढत गेले तसे निजामाच्या राज्यातील करीमनगर, वरंगळ, नळगोंडा, मेहबूबनगर या भागांतून पद्मशाली विणकर येथे आले. शहराचा ‘पूर्व भाग’ प्रामुख्याने त्यांनी वसवला. विजापूर आणि गुलबर्ग्याच्या सुलतानी काळापासून दखनी बोलणारी मुसलमान घराणी इथे आहेत. व्यापारासाठी आलेले मारवाडी आणि गुजराती वेगळे.

नावाचा शेवट

कन्नडमध्ये अप्पा म्हणजे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आई, अक्का म्हणजे थोरली बहीण. ही नाती नावाला जोडली की शिवप्पा, बसवण्णा, यल्लव्वा, नीलक्का अशी नावे होतात. तेलुगूत पुरुषाला अय्या आणि स्त्रीला अम्मा लागते: नरसय्या, लक्ष्मय्या, नरसम्मा. तेलंगणातून आलेल्या घरांत मल्लेशम, राजेशम अशी मकारान्त रूपेही आहेत, आणि रामुलु या नावातला ‘लु’ हा आदरार्थी अनेकवचनाचा प्रत्यय आहे. मराठीत बा, जी, राव आणि बाई, दखनीत साब आणि बी. मराठी माणूस आप्पा, अण्णा, अक्का हे शब्द आपलेच समजतो, आणि आता ते आपले आहेतच. पण ते द्रविड भाषांकडून आलेले आहेत. आप्पासाहेब या एका नावात कन्नड आणि अरबी शेजारी बसले आहेत.

हनुमान मराठी घरात मारुती होतो, कानडी घरात हणमंतप्पा आणि तेलुगू घरात अंजनेयावरून अंजय्या. धनगरांचा बिरोबा मराठीत बिरू, तर कन्नडमध्ये बिरप्पा. यल्लम्मा ही ‘सर्वांची आई’ अशी फोड लोक करतात. तिच्यावरून आलेले यल्लप्पा हे नाव तिन्ही भाषांच्या घरांत आढळते, म्हणून एवढ्या एका नावावरून माणसाची भाषा सांगता येत नाही. तुळजापूर जवळ असल्याने अंबादास, तुळजाराम, अंबूबाई या नावांचेही तसेच.

सर्वांत गुंतागुंतीचे कुळ मल्लिकार्जुनाचे. सिद्धराम हे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांच्या वचनांची मुद्रा, म्हणजे वचनात येणारी कवीची नाममुद्रा. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल आणि अर्जुन म्हणजे शुभ्र. या एका देवावरून मल्लिकार्जुन, मल्लिनाथ, मल्लप्पा, मल्लय्या, मल्लव्वा, आणि त्याच्या डोंगरावरून श्रीशैल. दुसऱ्या बाजूला मल्हारी म्हणजे मल्ल दैत्याचा शत्रू, अर्थात खंडोबा. व्युत्पत्तीने मल्हार आणि मल्लप्पा यांचा संबंध नाही. पण कर्नाटकातला मैलार, तेलंगणातला कोमुरवेल्लीचा मल्लन्ना आणि महाराष्ट्रातला खंडोबा यांना भक्त एकच मानतात. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला चंपाषष्ठीला जाणाऱ्या माणसाला मल्हार आणि मल्लप्पा ही एकाच देवाची नावे वाटली, तर त्याची श्रद्धा व्युत्पत्तीपेक्षा जुनी आहे एवढेच म्हणता येईल.

शरण-परंपरेतील नावे

शरण म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतले शिवभक्त. सोलापूरचे सर्वांत ओळखीचे पुरुषनाम सिद्धराम. सिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धप्पा, सिद्धेश्वर ही त्याची रूपे. बसव हे संस्कृत वृषभ या शब्दाचे कन्नड रूप. महात्मा बसवेश्वरांचे काही काळ वास्तव्य मंगळवेढ्यात होते, त्यामुळे बसवराज, बसप्पा, बसलिंग ही नावे इथे पाहुणी नाहीत. चन्नबसव या नावातला चन्न म्हणजे सुंदर. इरप्पा, इरण्णा ही नावे वीर शब्दावरून आली. आरंभीचा ‘व’ कन्नड बोलीत गळून पडला. पंचाक्षरी हे नाव ‘नमः शिवाय’ या पाच अक्षरांचे. रेवणसिद्ध, शिवशरण, गुरुसिद्ध, महादेवी ही याच परंपरेतली.

आडनावांतही कन्नड खूप आहे. हिरे म्हणजे थोरला, म्हणून हिरेमठ म्हणजे थोरला मठ. सिद्धेश्वर यात्रेतील मानकरी हिरेहब्बू यांच्या आडनावातही तेच ‘हिरे’ आहे. शेट्टी आणि मराठी शेटे ही दोन्ही संस्कृत श्रेष्ठी या शब्दाची लेकरे.

पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने विठ्ठल, पांडुरंग, पुंडलिक, रुक्मिणी ही नावे मराठी समजली जातात. पण विठ्ठलाचे नाते कन्नडशी जुने आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचे मूळ नाव बिट्टिदेव होते, आणि बिट्टि हे विष्णूचे कन्नड रूप आहे. विठ्ठल शब्दाची एक व्युत्पत्ती त्यावरूनच मांडली जाते. ज्ञानेश्वरांनीही विठ्ठलाला कानडा म्हटले आहे.

तेलुगू घरांतील नावे

पूर्व भागातली नावे तेलंगणाच्या दैवतांचा नकाशा आहेत. यादगिरी, नरसिंह, नरसय्या, नरसम्मा ही यादगिरीगुट्ट्याच्या नरसिंहाची. राजन्ना, राजय्या, राजेशम ही वेमुलवाड्याच्या राजराजेश्वराची. व्यंकटेश, श्रीनिवास तिरुपतीचे. पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतो. नारळी पौर्णिमेला शहरात त्यांचा रथोत्सव निघतो, आणि मार्कंडेय हे व्यक्तिनामही आहे.

तेलुगूत आडनावाला इंटिपेरू, म्हणजे घराचे नाव, म्हणतात आणि ते आधी येते. ‘आडम मास्तर’ म्हणून शहराला माहीत असलेले माजी आमदार नरसय्या आडम यांचे नाव तेलुगू रीतीने आडम नरसय्या असेच होईल. मराठी रीतीत आधी स्वतःचे, मग वडिलांचे, शेवटी कुळाचे किंवा गावाचे. या साच्यात इथली तेलुगू नावे बसवली गेली, आणि एकाच कुटुंबातल्या दोन भावांच्या शाळेच्या दाखल्यावर क्रम उलटसुलट लागल्याची उदाहरणे घरोघर सांगितली जातात.

अरबी आणि फारसी नावे

दखनी नावांत पैगंबर आणि त्यांच्या घराण्यातल्या व्यक्ती तर आहेतच, पण इथला रंग सूफी संतांचा आहे. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज 1422 साली वारले. बंदेनवाज म्हणजे भक्तांवर कृपा करणारा, आणि हे फारसी विशेषण सोलापुरात सरळ व्यक्तिनाम म्हणून ठेवले जाते. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. ही बगदादचे संत अब्दुल कादिर जिलानी यांची पदवी. इमामसाब, मौलासाब, चाँदबी, ख्वाजाबी ही बोलण्यातली रूपे. हुसेन हे अरबीत हसनचे लघुरूप आहे.

संतांची नावे धर्माच्या वेशीशी थांबत नाहीत. दर्ग्याला नवस बोलून झालेल्या मुलाचे नाव हिंदू घरातही फकीरा ठेवले जाते. कानडी घरात ते फकीरप्पा होते, अरबी शब्द आणि कन्नड वडील. शहाजी हे नाव अहमदनगरचे पीर शाह शरीफ यांच्यावरून ठेवले गेले, असे परंपरा सांगते.

याकूब आणि जेकब, युसूफ आणि जोसेफ, दाऊद आणि डेव्हिड या जोड्या मुळात एकेकच हिब्रू नावे आहेत. एक रूप अरबीतून आले, दुसरे मिशनऱ्यांबरोबर. सोलापूरच्या मुसलमान आणि ख्रिस्ती वस्त्यांत दोन्ही आहेत.

चार हुतात्मे

12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चार जणांना फाशी देण्यात आले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मल्लप्पा कन्नड घडणीचे. श्रीकिसन म्हणजे श्रीकृष्ण, मारवाडी-हिंदी उच्चारात. जगन्नाथ तत्सम संस्कृत, मराठी घरात रुळलेले. कुर्बान अरबी, अर्थ बलिदान. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाला इतक्या थेट अर्थाने जगलेला माणूस विरळा. या शहराची नावे कशी आहेत हे एखाद्या परक्याला सांगायचे असेल, तर ही चार नावे क्रमाने म्हणून दाखवावीत.

दगड, उकिरडा आणि पुरे

मुले जगत नसत त्या काळात मुद्दाम हलके नाव ठेवीत. नाव ओंगळ असले की मृत्यूची आणि दृष्टीची नजर मुलाकडे वळत नाही, ही समजूत त्यामागे होती. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा. कानडी घरात तोच विचार गुंडप्पा होतो, गुंडू म्हणजे वाटोळा दगड, आणि तिप्पण्णा होतो, तिप्पे म्हणजे उकिरडा. तेलुगू घरात पेंटय्या आणि पेंटम्मा, पेंट म्हणजे शेणाचा ढीग. भाषाकुळे वेगळी, लिपी वेगळ्या, पण आईबापांची भीती एकच आणि तिच्यावरचा उपायही एकच. मला हा सोलापूरच्या नावांतला सर्वांत मौल्यवान धागा वाटतो. देवांची नावे मठ, मंदिर, पोथी यांच्या वाटेने आली असे म्हणता येते; ही नावे कोणी कोणाकडून उचलली असे दाखवता येत नाही. ती प्रत्येक घरात दुःखातून स्वतंत्रपणे सुचलेली दिसतात. देवी-पटकीच्या साथी आटोक्यात आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तशी ही नावे मागे पडली. आज ती आजोबा-पणजोबांच्या पिढीतच सापडतात, आणि नातवंडे ती सांगताना लाजतात. लाजण्यासारखे त्यात काही नाही. ज्याला दगडू म्हटले त्याच्यावर घरच्यांचा जीव सर्वाधिक होता.

मुलींच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे. मराठीतली नकुशा आणि कन्नडमधली साकव्वा, साकू म्हणजे पुरे, ही नावे मुलगी जगावी म्हणून ठेवलेली नाहीत. पुढे मुलगी नको, हे देवाला कळावे म्हणून ठेवलेली आहेत. या दोन प्रकारांना अभ्यासक कधीकधी एकाच खणात टाकतात; तसे करू नये. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली नकुशा नावाच्या मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

नव्याने आलेली नावे

1956 सालच्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा, मिलिंद ही नावे बौद्ध घरांत आली. त्यांतला मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, पालीत मिलिंद झालेला. संस्कृतात भुंग्यालाही मिलिंद म्हणतात, पण या घरांना अभिप्रेत आहे तो बौद्ध भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. दुसरे ग्रीक नाव सिकंदर, अलेक्झांडरचे फारसीतून आलेले रूप. जैन आणि गुजराती घरांतल्या चंदान्त नावांत नेमचंद हे बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे. 1882 साली सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद याच नामपद्धतीतले.

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथे के दीहुआ झाले. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन, जोडलेले होते. त्यांच्या मुलाचे नाव यिन्हुआ ठेवले गेले: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

अलीकडच्या नावांत शेवटचा भाग गळतो आहे. आजोबा सिद्रामप्पा, वडील सिद्धाराम, मुलगा सिद्धार्थ किंवा आरव. आजी नरसम्मा, नात श्रेया. घराची भाषा नावावरून ओळखता येणे त्याबरोबर संपत चालले आहे, आणि आता ते काम आडनावावर येऊन पडले आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची शासकीय कागदपत्रांतील नोंद आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव या क्रमाने होते. त्यामुळे अव्वा, अम्मा आणि बी असा शेवट असलेली आईची नावेही मुलांच्या पूर्ण नावात येऊ लागली आहेत.