कोअ‍ॅक्सियल इंडिकेटर की पपी डायल? होलचं सेंटर काढताना

आधीच पडलेल्या होलच्या बरोबर वर मिलिंग मशीनचं स्पिंडल (टूल धरून फिरणारा दांडा) आणायचं म्हटलं की ही दोन नावं निघतात. दोन्हींना गोल डायल, दोन्हींना पुढे बारीक दांडी, दोन्ही स्पिंडलमध्ये धरायची, मग नव्या माणसाला वाटतं की एकाच वस्तूची ही दोन मॉडेल्स असतील. पण कामं बरीच वेगळी आहेत, आणि घरच्या छोट्या मिलिंगवर तर हा फरक फारच जाणवतो.

पपी डायल म्हणजे लिव्हर टाइपचा डायल इंडिकेटर, लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) बहुतेक वेळा ०.०१ मिमी आणि रेंज जेमतेम ०.८ मिमीच्या आसपास. मोटर बंद ठेवायची, टोक होलच्या भिंतीला हलकं टेकवायचं आणि स्पिंडल हाताने फिरवायचं. डावी-उजवीकडे रीडिंगमध्ये ०.१० चा फरक आला तर टेबल ०.०५ च सरकवायचं, कारण दिसणारा फरक चुकीच्या दुप्पट असतो, इथे खूप जण पूर्ण ०.१० सरकवतात आणि मग सेंटर इकडून तिकडे पळत राहतं. आधी एक्स (डावी-उजवी), मग वाय (पुढे-मागे), आणि बॅकलॅशमुळे (स्क्रूमधल्या ढिलाईमुळे) हँडव्हील शेवटी कायम एकाच दिशेने फिरवत आणायचं. अडचण एकच, डायल स्पिंडलबरोबर फिरते त्यामुळे अर्धा वेळ तिचं तोंड पलीकडे असतं, छोटा आरसा धरावा लागतो. आणि डायल धरलेला ड्रिल चक सेंटरपासून थोडा आउट असला तरी बिघडत नाही हो, कारण टोक शेवटी स्पिंडलच्याच अक्षाभोवती फिरतं.

कोअ‍ॅक्सियलमध्ये मशीन कमी आरपीएमवर चालू ठेवायचं. फीलर (होलच्या भिंतीला टेकणारी पुढची दांडी) होलमध्ये गोल फिरतो पण डायलची बॉडी एका दांडीने अडवलेली असते म्हणून ती सतत तुमच्याकडेच बघत राहते. काटा मागेपुढे हलतो, टेबल सरकवत जायचं, हलणं कमी होत होत थांबलं की सेंटर मिळालं. सुरुवातीला होल एकदोन मिमी बाजूला असलं तरी चालतं, पपी डायलला मात्र तेवढं आधी अंदाजाने जुळवून घ्यावं लागतं. पण या डायलवरचे आकडे मिलीमीटर समजून वाचू नका. लांब फीलर लावला की तेवढ्याच चुकीला काटा कमी हलतो, म्हणजे हे मोजायचं साधन नाहीच, काटा हलतोय की थांबलाय एवढंच बघायचं.

आता उंचीचं बोलू, माझ्या मते निर्णय इथेच होतो. कोअ‍ॅक्सियल फीलरसकट चांगलाच लांब असतो. गुडघा म्हणजे नी (टेबल वरखाली करणारा भाग) असलेल्या मोठ्या मिलिंगवर टेबल खाली घेतलं की झालं. पण घरी बऱ्याच जणांकडे गोल कॉलमचं मिल-ड्रिल असतं, त्यात सेंटर काढलं, मग ड्रिल किंवा बोअरिंग हेड (होल मोठं करायचं टूल) लावायला मशीनचं हेड, म्हणजे स्पिंडल असलेला वरचा भाग, वरखाली केलं की ते कॉलमभोवती थोडं फिरतं आणि एवढ्या कष्टाने काढलेलं सेंटर गेलं! अशा मशीनवर आखूड दांडीवर बसवलेली पपी डायलच घ्या, क्विलच्या (स्पिंडल खाली-वर नेणाऱ्या नळीच्या) प्रवासातच सगळं बसवा आणि हेडला हातसुद्धा लावू नका. शिवाय तीच डायल व्हाइसचा जबडा सरळ करायला आणि हेड टेबलाला काटकोनात आहे का ते बघायला लागते, कोअ‍ॅक्सियल तिथे कामाचा नाही. म्हणून एकच घ्यायची असेल तर आधी पपी. रोज ढीगभर जॉब एकामागून एक सेंटर करायचे असतील, आणि मशीनला उंची असेल, तर कोअ‍ॅक्सियलचा वेग खरंच सुखाचा आहे.

बोअरमध्ये (होलमध्ये) की-वे, म्हणजे चावीची खाच, असेल तर कोअ‍ॅक्सियल चालू मशीनवर नकोच, टोक खाचेत आपटतं. पपी डायल हाताने फिरवत असता, खाच आली की टोक बोटाने उचलून पलीकडे न्यायचं.