खारवलेली तंगडी आणि पालक-चणे: सेव्हियाच्या तापास बारमागची पार्श्वभूमी

सांता क्रूझ ही स्पेनमधल्या सेव्हिया शहराच्या कॅथेड्रलला लागून असलेली जुनी वस्ती. इथल्या गल्ल्या अरुंद आणि बारही तितकेच चिंचोळे. आत शिरल्यावर नजर आधी वर जाते. छताला डुकराच्या खारवलेल्या अख्ख्या तंगड्या खुरांसकट ओळीनं टांगलेल्या असतात. प्रत्येकीच्या टोकाला उलट्या छत्रीसारखी इवलीशी वाटी खोचलेली, ठिबकणारी चरबी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. या तंगडीला तिथं हामोन म्हणतात. खाली फळीवर एका बशीत त्याच हामोनच्या पातळ चकत्या असतात आणि शेजारच्या बशीत पालक घालून शिजवलेले काबुली चणे. या दोन बश्यांचं एकमेकींशी पूर्वी अजिबात सख्य नव्हतं.

वाइनच्या पेल्यासोबत खायच्या अशा छोट्या बशीला ‘तापा’ म्हणतात, अनेक असल्या की तापास. आधी या शब्दाचं पाहू. ‘तापार’ म्हणजे झाकणे. वाइनच्या पेल्यावर माशी किंवा धूळ पडू नये म्हणून पावाचा वा हामोनचा तुकडा झाकणासारखा ठेवत, त्यावरून तापा. या प्रथेचं श्रेय कुणी तेराव्या शतकातल्या दहाव्या अल्फोन्सोला देतं, कुणी विसाव्या शतकातल्या तेराव्या अल्फोन्सोला. दोन राजांमध्ये साडेसहाशे वर्षांचं अंतर आहे, यावरूनच या गोष्टींवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवावं.

राजांपेक्षा वाणी अधिक विश्वासाचा. सेव्हियात ‘आबासेरिया’ नावाचा दुकानांचा एक प्रकार आहे: तेल, डाळी-कडधान्यं, खारवलेला कॉड मासा, चीज, सॉसेज विकणारं किराणा दुकान आणि त्याच फळीवर उभ्या उभ्या पेला मिळण्याची सोय. माल तिथलाच, सुरी तिथलीच. मग चार चकत्या कापून पेल्यासोबत पुढे सरकवायला वेगळं स्वयंपाकघर कशाला हवं? आजही अशा ठिकाणचे बरेच पदार्थ चूल न पेटवता बशीत येतात ते यामुळेच. शहरातला सर्वात जुना मानला जाणारा बार ‘एल रिंकोन्सियो’ 1670 चा. 1649 च्या प्लेगमध्ये सेव्हियाची जवळपास निम्मी वस्ती गेली, त्यानंतर वीसेक वर्षांनी तो उघडला. तिथं हिशेब अजून खडूनं थेट लाकडी फळीवर लिहितात. 1850 च्या ‘कासा मोरालेस’मध्ये वाइनचे माणसाहून उंच रांजण अजून उभे आहेत.

आता डुकराकडे वळू. 1248 मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांडोनं मुसलमानांकडून सेव्हिया जिंकलं आणि आजच्या सांता क्रूझच्या जागी ज्यूंचा मोहल्ला वसला. 1391 मध्ये त्यावर हल्ला झाला. अनेक जण मारले गेले, अनेकांनी जिवाच्या भीतीनं बाप्तिस्मा घेतला, सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांची, चर्च झाली. 1481 मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या धार्मिक न्यायालयानं, पहिल्यांदा माणसं जाळली ती याच शहरात. बाटलेल्या घरांत जुना धर्म चोरून चालतो का, हे शोधण्याची सोपी जागा म्हणजे स्वयंपाकघर. ज्यूंना निषिद्ध असलेलं डुकराचं मांस टाळणं हा संशयाचा ठळक पुरावा होता. सेव्हियाजवळच्या लोस पालासियोसचा पाद्री आंद्रेस बेर्नाल्देस यानं तर धर्मांतरित लोक मांस चरबीऐवजी तेलात शिजवतात आणि म्हणून त्यांच्या घरांना वास येतो, असं लिहून ठेवलं आहे. ज्या ऑलिव्ह तेलावर आज अंदालुसिया, म्हणजे सेव्हियाचा अख्खा प्रांत, मिरवतो, त्याच तेलाचा वास तेव्हा अंगाशी येत असे!

हामोन दर्शनी टांगणं ही ‘आम्ही खरे ख्रिस्ती’ अशी पाटीच होती, असं गाइड हमखास सांगतात. मला ते अर्धंच पटतं. तंगडीला हवा लागते, जागा वाचते आणि दुकानाची जाहिरात होते, एवढी कारणं टांगायला पुरेशी आहेत. पण भीती खरी होती, आणि ती गोव्यापर्यंत पोचली. पोर्तुगिजांनी 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणलं. त्या न्यायालयाच्या 1736 च्या फतव्यात हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवण्यावरही बंदी होती.

पालक-चणे दुसऱ्या बाजूचे. पालक अरबांबरोबर स्पेनमध्ये आला. ‘एस्पिनाका’ हा शब्दही अरबीतूनच. चणे ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, हंडीत शिजत. त्यात जिरं पडलं की चव आपल्याला फारशी परकी वाटू नये. पुढे हाच मांसाविना पदार्थ लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासाला चालू लागला आणि कॅथलिक घरांत रुळला. संशयित पदार्थाला असा मागच्या दारानं प्रवेश मिळाला.

चोरिसो या सॉसेजचा लाल रंग मात्र अमेरिकेचा. मिरची कोलंबसानंतर आली. 1503 पासून अमेरिकेच्या व्यापाराचा कारभार सेव्हियातूनच चाले. 1717 मध्ये तो काडिस बंदरात गेला. पोर्तुगिजांच्या हातून मिरची आणि सॉसेज दोन्ही गोव्यात उतरली, व्हिनेगरमध्ये मुरली आणि गोव्याचा चोरीस झाला.

हामोनची आजची प्रतवारी बरीच अलीकडची आहे. 2014 च्या नियमांनुसार तंगडीवरची काळी पट्टी फक्त शंभर टक्के इबेरिको या तिथल्या जातीच्या, ओकची फळं खाऊन पुष्ट झालेल्या डुकराला. ‘पाता नेग्रा’, म्हणजे काळा पाय, हे नावही त्यालाच लावता येतं. लाल, हिरवी आणि पांढरी या खालच्या पायऱ्या.

वस्तीचं जुनेपण तरी किती जुनं? सांता क्रूझ नावाचं मूळ चर्च फ्रेंचांच्या ताब्याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं गेलं. त्यात पुरलेल्या चित्रकार मुरियोच्या अस्थीही हरवल्या. चुन्याच्या भिंती, कुंड्या, छोटे चौक हे आजचं रूप बरंचसं विसाव्या शतकाच्या आरंभी, 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाच्या आधी पाहुण्यांसाठी सजवलेलं. 1992 मध्ये माद्रिदहून वेगवान रेल्वे आली, जागतिक प्रदर्शन भरलं आणि पाहुण्यांचा लोंढा वाढला.

ग्रानादा शहरात पेल्यासोबत तापा फुकट येतो. सेव्हियात तो मागवावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. काही बारमध्ये तापा फळीशी उभं राहिलात तरच मिळतो. बाहेर टेबलावर बसलात की यादीत ‘रासियोन’, म्हणजे मोठी बशी, एवढंच उरतं.