चांदीवर, भट्टीत आणि सायलेन्सरमध्ये : रोडियम

हुपरीची चांदी कितीही चोख असली तरी ती काळी पडतेच. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. म्हणून कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, काही दागिन्यांना रोडियम पॉलिश करून मिळतं. हे घासून केलेलं पॉलिश नव्हे. रोडियम या धातूच्या आम्लयुक्त द्रावणात दागिना बुडवून वीज सोडतात आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ मुलामा चढवतात. त्याच्यापुढे गंधकाची मात्रा चालत नाही. मात्र रोजच्या अंगठीवरून तो झिजतो. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगायला हवं.

विल्यम वॉलस्टन यांनी १८०४ च्या सुमारास प्लॅटिनमच्या खनिजातून हा धातू वेगळा केला. आजही त्याची स्वतंत्र खाण नाही. प्लॅटिनमबरोबर निघेल तेवढाच रोडियम हाती लागतो, वर्षाला जेमतेम ३० टन, त्यातला बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवता येत नाही. मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या घरात गेला, सोन्याच्या पंधरा पटींहून जास्त.

शिरोलीच्या फौंड्र्यांत ओतकामाआधी लोखंडाच्या रसाचं तापमान बघावं लागतं, सुमारे १४०० अंश. अशा उष्णतेसाठी थर्मोकपल या तापमापकामध्ये एक तार शुद्ध प्लॅटिनमची, तर दुसरी १० टक्के रोडियम मिसळलेली वापरतात. जोड तापला की तारांत किंचित विद्युतदाब निर्माण होतो, त्यावरून आकडा कळतो. रोडियम स्वतः १९६४ अंशांना वितळतो.

पण त्याचं सर्वांत मोलाचं काम ताराराणी चौकात सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत चालू असतं. इंजिनाच्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन फुफ्फुसांना घातक नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर रोडियमचे अतिसूक्ष्म कण. वायूचा रेणू त्या कणाला चिकटला की त्याचे तुकडे होतात : नायट्रोजनचे अणू जोडीने निसटून पुन्हा हवेत मिसळतात, ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड घेऊन जातो. रोडियम मात्र खर्ची पडत नाही. जगातला ८० टक्क्यांहून अधिक रोडियम याच कामी लागतो. जुनी गाडी भंगारात गेली तरी तो कन्व्हर्टरमध्ये शिल्लक असतो आणि शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. त्यामुळे कन्व्हर्टर साध्या लोखंडाच्या भावात देऊ नये.