ठासणीच्या बंदुकीची बदली नळी : ओळख व पारख

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरून गजाने ठासतात. नळीचे बूड बुचाने कायमचे बंद असते आणि स्फोटाचा सर्वाधिक दाब तिथेच येतो. मूळ नळी झिजली, फुगली किंवा गंजून गेली की त्याच लाकडी दस्त्यात दुसरी बसवतात. तिला बदली नळी म्हणतात. अशी नळी कुठली व केव्हाची हा एक प्रश्न, ती दारूचा दाब पेलेल का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही.

मुंबईतल्या संग्राहकाने कायदा आधी पाहावा. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणजे नुसती नळी विकत घेतानाही परवान्याचा विचार करावा लागतो. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. कलम ४५ची सूट जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना आहे, पण ती दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसतील तरच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो.

हातात आलेली प्रत्येक जुनी नळी भरलेली आहे असेच धरावे. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकांत दारू-गोळी तशीच राहिलेली सापडते. तोंडासमोर न उभे राहता लाकडी गज आत सोडावा, तोंडाशी खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचे टोक कानापाशी, म्हणजे बुडाजवळच्या बत्ती देण्याच्या बारीक भोकापाशी, पोचायला हवे. दोन-तीन इंच अलीकडेच अडकले, तर आत काहीतरी आहे. ती नळी जाणत्या बंदूक-कारागिराकडे द्यावी, घरी उकरू नये.

नळी बदललेली आहे का, हे लाकूड सांगते. मूळ नळी दस्त्याच्या खाचेत कडेला कडा भिडून बसते. बदली नळीच्या बाजूला फट राहते किंवा लाख-भुसा भरलेला दिसतो. नळी दस्त्याला धरणाऱ्या खिळींची जुनी भोके बुजवून शेजारी नवी पाडलेली असतात. कान रंजकाच्या (पेट घेणाऱ्या बारीक दारूच्या) पेल्याच्या मध्यावर आणि बुचाच्या पुढच्या तोंडाच्या किंचित पुढे यायला हवा. घाईने बसवलेल्या नळीत तो नेमका बुचाच्या आट्यांवर येतो. मग ठिणगी दारूपर्यंत नीट पोचत नाही आणि ज्वाळा आटेच खाऊ लागते.

शिक्क्यांवर फार भिस्त ठेवू नये. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह, म्हणजे नळीची दाबपरीक्षा करून शिक्का मारणारी संस्था, १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड ही त्याची त्या काळातली खूण. लंडनच्या नळ्यांवर मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’ असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर मागच्या पायांवर उभा सिंह दिसतो. भिंगातून पाहावे : खरा शिक्का गंजाच्या आधीचा असतो, म्हणून गंजाचे खड्डे त्याच्या रेषा तोडत जातात. खड्ड्याच्या तळात शिक्क्याची धारदार कड दिसली, तर तो मागाहून मारलेला आहे.

मोजमाप मात्र फसवत नाही. १८५३च्या एन्फिल्ड या ब्रिटिश फौजी रायफलची नळी ३९ इंच, व्यास ०.५७७ इंच, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन पिळदार खाचा आणि ७८ इंचांत त्यांचा एक फेरा. म्हणजे अख्ख्या नळीत बरोबर अर्धा फेरा. आखूड एन्फिल्डच्या ३३ इंची, पाच खाचांच्या नळीत फेरा ४८ इंचांत पुरा होतो. पीळ मोजायला गजाला घट्ट चिंधी गुंडाळून तो नळीत ओढावा, मूठ मोकळी फिरू द्यावी; पाव फेऱ्याला लागलेली लांबी चारने गुणली की झाले. खाचा नसलेली, ०.६५६ इंच व्यासाची एन्फिल्ड सापडली तर ती झिजलेली समजू नये. १८५७च्या उठावानंतर हिंदी शिपायांना रायफल न देता अशा सपाट नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. १८५८च्या नमुन्यात जुनीच नळी कोरून मोठी केल्याने भिंत पातळ झाली आणि ती फुगू-वाकू लागली. १८५९च्या नमुन्यात भिंत जाड केली. म्हणून या जातीच्या नळीची जाडी तोंडाशी आणि मध्यावर मोजणे अगत्याचे.

आधुनिक बदली नळ्यांत गोळी कोणती वापरायची यावर पीळ ठरतो. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला ६६ ते ७२ इंचांत एक फेरा आणि खोल खाचा मानवतात. लांबट गोळीला २८ ते ३२ इंचांचा पीळ व उथळ खाचा लागतात. ४८ इंच ही तडजोड आहे. भारतात बनणाऱ्या अनेक प्रतिकृती परदेशी जातात त्या कान न पाडता, दाबपरीक्षा न करता. बऱ्याच नळ्या पोलादी पाइपच्या असतात. आत लांबवर सरळ सांध्याची रेघ दिसली, तर अशी नळी शोभेपुरतीच ठेवावी. तिला कान पाडणे म्हणजे नकली शस्त्राचे खरे करणे, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ नुसार त्याला वेगळा परवाना लागतो.

आतली पारख बुडापासून सुरू करावी. बारीक एलईडी दिवा तोंडातून तळाशी सोडला की खड्डे उठून दिसतात. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. मुंबईच्या पावसाळ्यात न धुतलेली नळी एका रात्रीत तांबूस होते. धुवायला गरम पाणी, मग पूर्ण कोरडी करून तेल. बूच नळीतल्या खांद्याला (पायरीसारख्या कडेला) घट्ट टेकलेले हवे. फट असेल तर तिथे राख साचून आटे सडतात, बाहेरून सांध्याभोवती काळा ओघळ दिसतो. नळीच्या मध्यात गडद कड्यासारखी सावली दिसली आणि बाहेरून बोटाला उंचवटा लागला, तर गोळी दारूवर न टेकता वर अडकली असताना बार उडाला होता. अशी नळी पुन्हा वापरू नये, कितीही चकचकीत असली तरी. तोंडाशी गजाच्या घर्षणाने एका बाजूला झीज झाली की नेम ढळतो. त्यावर तोंड इंचभर कापण्याचा उपाय सुचवला जातो. पण नळी आखूड करायलाही त्याच कलम ६चा परवाना लागतो.